‘मस्त आहे’, ‘बोर आहे’ : सहज बोललेल्या मतांविषयी

(कोराडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय कळवला तेव्हा तुमच्यातल्याच एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानावर बोलाल असं वाटलं होतं. हे सिनेमा-सिरियल काय काढून राहिले?’ आम्ही म्हटलं, बाबा, तत्त्वज्ञानावरच बोलणार आहोत. बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं, त्यात एक गोष्ट कळली. माणसं ‘सत्य म्हणजे काय’ यावर वर्षातून एकदा भांडतात, तेही परीक्षेपुरतं. ‘पिक्चर कसा होता’ यावर मात्र रोज भांडतात. मग मूल्यं, निर्णय, पुरावा, सहमती या सगळ्यांचा खरा वर्ग तिथेच भरत असला पाहिजे.

शिवाय जागाही योग्य आहे. कोराडीत १९७४ साली पहिला संच सुरू झाला, आणि आज ६६० मेगावॅटचे संच चालतात. महाराष्ट्रात संध्याकाळी जे टीव्ही लागतात त्यातल्या किती तरी टीव्हींना वीज इथून जाते. म्हणजे मालिका मुंबईत बनतात, पण त्या दिसतात तुमच्या कोळशावर. तेव्हा त्यांच्याविषयी बोलण्याचा तुमचा हक्क दुप्पट आहे.

आज आम्हाला एवढंच बघायचं आहे, की ‘मस्त आहे’, ‘बोर आहे’, ‘त्यानं असं करायला नको होतं’ अशी वाक्यं आपण चहा पिता पिता बोलून जातो, तेव्हा आपण नेमकं काय करतो. ही वाक्यं हलकी वाटतात. आमची समजूत अशी झाली आहे की ती हलकी नाहीत. ही समजूत आम्हाला पुस्तकातून आली नाही, एका चुकीतून आली. ती चूक पुढे सांगू. आधी थोडा पाया घालू.

तीन वाक्यं, एकच आवाज

एखादा माणूस चित्रपटगृहातून बाहेर येतो आणि तीन वाक्यं बोलतो. पहिलं : ‘मला आवडला.’ दुसरं : ‘चांगला आहे.’ तिसरं : ‘पण हिरोनं घर सोडून जायला नको होतं.’ बोलताना आवाज एकच, चेहरा एकच. पण ही तीन वेगळ्या जातीची वाक्यं आहेत.

पहिल्या वाक्यात तो स्वतःविषयी माहिती देतो. ‘माझं डोकं दुखतं’ हे जसं, तसंच ‘मला आवडला’. त्यावर वाद होत नाही. ‘नाही, तुला आवडला नाही’ असं कोण म्हणणार? दुसऱ्या वाक्यात तो सिनेमाविषयी बोलतो. तिथे वाद होऊ शकतो, कारण सिनेमा त्याच्या एकट्याच्या पोटात नाही, तो सगळ्यांसमोर पडद्यावर आहे. तिसऱ्या वाक्यात तो सिनेमाविषयीही बोलत नाही. माणसानं कसं वागावं, याविषयी बोलतो. हिरोचं नाव फक्त निमित्ताला.

आपली बहुतेक भांडणं या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. एक जण पहिलं वाक्य बोलतो, दुसरा त्याला दुसऱ्या वाक्याचं उत्तर देतो. ‘मला रडू आलं.’ ‘अरे पण पटकथा किती ढिसाळ होती!’ दोघांचंही खरं असू शकतं. ढिसाळ पटकथेनंही रडू येतं, आणि बांधीव पटकथेनं कधी कधी जांभई येते.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० साली एक ग्रंथ लिहिला, ‘निर्णयशक्तीची चिकित्सा’. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या आपल्या ग्रंथात त्याची फार बारकाईनं चर्चा केली आहे. कांटचा मुद्दा आम्ही आपल्या भाषेत सांगतो. सावजीचा तर्रीदार रस्सा एकाला आवडतो, दुसऱ्याला सोसत नाही. पहिला म्हणाला, ‘रस्सा झकास आहे’, तर दुसरा म्हणतो, ‘तुला झकास, मला नाही’, आणि पहिला मान डोलावतो. विषय संपला. कांटनं वाइनचं उदाहरण दिलं होतं, आम्ही रश्श्याचं देतो, एवढाच फरक.

पण तोच माणूस जेव्हा म्हणतो, ‘हा सिनेमा सुंदर आहे’, तेव्हा ‘तुला सुंदर असेल’ हे उत्तर त्याला लागतं. तो मान डोलावत नाही. तो म्हणतो, ‘तू नीट बघितला नाहीस. पुन्हा बघ.’ म्हणजे काय? त्याच्याकडे सिद्ध करायला पुरावा नाही, गणितासारखी रीत नाही, तरी तो सगळ्यांची संमती मागतो आहे. कांट म्हणतो, सौंदर्याच्या निर्णयाचं हेच वैशिष्ट्य आहे : तो माझ्या अनुभवातून येतो, पण सर्वांच्या वतीनं बोलतो.

आता यातून एक गोष्ट निघते. वाद तापला की आपण म्हणतो, ‘जाऊ द्या, ज्याचं त्याचं मत.’ हे वाक्य फार उदार वाटतं. पण खरं तर आपण समोरच्याच्या मताला रश्श्याच्या रांगेत बसवतो. त्याची मागणीच नाकारतो. कधी कधी ते शहाणपणाचं असतं, लग्नाच्या पंगतीत तर असतंच. पण नेहमी नसतं. हे लक्षात ठेवा, शेवटी याची गरज पडणार आहे.

पिंपातली किल्ली

तुम्ही म्हणाल, सर्वांच्या वतीनं बोलायचा अधिकार समीक्षकांना असेल, आमच्या चहाच्या टपरीवरच्या मताला काय किंमत? यावर आपल्याकडचं जुनं उत्तर ऐका.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय ‘सिद्धी’चा आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कसं ओळखायचं, त्याचा अध्याय. त्यात भरतमुनी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची चक्क यादी देतात. स्मित, अर्धं हसू, मोठ्यानं हसणं, ‘वाहवा’ म्हणणं, ‘अरेरे’ म्हणणं, अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र काढून नटाला देणं. ही सगळी मानुषी सिद्धी. आणि दैवी सिद्धी कोणती? प्रेक्षागृह भरलेलं आहे आणि आवाज नाही, गडबड नाही. म्हणजे सर्वांत मोठी दाद म्हणजे शांतता. आजही खरं आहे ते.

त्याच अध्यायात पुढे ‘प्राश्निक’ येतात, म्हणजे प्रयोगाचे परीक्षक. आज आपण स्पर्धेला तीन परीक्षक बोलावतो, आणि तिघेही नाटकवाले. भरतमुनी मात्र यज्ञाचा जाणकार, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक, अशी माणसं बसवतात. का? यज्ञ दाखवला तर तो बरोबर दाखवला का, हे यज्ञ जाणणाराच सांगेल. बाण सोडण्याची ढब धनुर्धर सांगेल. शृंगाराचा उपचार वेश्या सांगेल. नोकर राजासमोर कसा उभा राहतो, ते राजसेवक सांगेल. थोडक्यात, प्रत्येक माणूस आयुष्याच्या कुठल्या तरी एका कोपऱ्याचा तज्ज्ञ असतो, आणि त्या कोपऱ्यापुरतं त्याचं मत सगळ्यांहून वरचढ असतं.

इथं बसलेल्यांपैकी अनेकांनी बॉयलर आणि टर्बाइनजवळ पाळ्या केल्या आहेत. सिनेमात कारखाना दाखवतात, हिरो स्वच्छ शर्ट घालून एक लाल बटण दाबतो आणि सगळं बंद पडतं. तुम्ही हसता. तुमचं ते हसणं म्हणजे समीक्षाच आहे, आणि ती मुंबईच्या समीक्षकाला जमणार नाही.

डेव्हिड ह्यूमनं १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात एक गोष्ट सांगितली आहे, ती त्यानं ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतून घेतली. सँचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण थोडी चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

आपल्या नागपूरकडच्या किल्लीचं उदाहरण देतो. झी मराठीवर २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षं ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालली. रात्री आठ वाजले की घराघरांत राधिका, गुरुनाथ आणि शनाया. राधिका नागपूरची दाखवली होती, बोलायची आपल्याकडच्या ढंगात. ‘काय करून राहिले’, ‘बाप्पा’, सगळं होतं. पहिल्या आठवड्यात आपल्याकडे कौतुक झालं, कारण टीव्हीवर आपली बोली सहसा ऐकू येत नाही, आणि आली तर विनोदी नोकराच्या तोंडी येते. इथे ती नायिकेच्या तोंडी होती. ही मोठी गोष्ट होती.

मग हळूहळू दुसरं मत ऐकू येऊ लागलं. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘चांगली बोलते, पण असं कोणी सारखंच बोलत नाही हो.’ बघा, किती अचूक! नागपूरचा माणूस दुकानात हिंदीत बोलतो, घरात एका मराठीत, ऑफिसात दुसऱ्या मराठीत. वऱ्हाडी वेगळी, नागपुरी वेगळी, झाडी बोली आणखी वेगळी. आपण बोली पांघरतो आणि काढतो. मालिकेतली राधिका मात्र ती चोवीस तास पांघरून होती. काकूंना भाषाशास्त्र ठाऊक नाही. पण पिंपात किल्ली आहे, एवढं त्यांच्या जिभेला कळलं.

धान कापल्यावर

सहज मतांना किंमत देणारी एक अख्खी रंगभूमी आपल्या पूर्वेला आहे. झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. दिवाळीनंतर धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. कुठे दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटक रात्रभर चालतं, पहाटे संपतं. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात.

तिथे मत द्यायला कोणी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. गाणं आवडलं की पुन्हा घ्यायला लावतात. बक्षिसाची रक्कम माइकवरून नावासकट जाहीर होते. खलनायकाला प्रेक्षकांतून बोल ऐकावे लागतात. एखाद्या सूनबाईच्या छळाचा प्रवेश चालू असला आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई ‘सोडून दे त्याला!’ असं ओरडल्या, तर आमच्यासारखे शिकलेले लोक हसतात. ‘बिचारीला नाटक आणि खरं यातला फरक कळत नाही’ म्हणतात.

आम्हीही पुष्कळ वर्षं असंच हसलो. पण आता विचारतो, खरंच कळत नाही का? ती आजी उठून रंगमंचावर जात नाही. पोलीस बोलावत नाही. पडदा पडला की घोंगडी सावरून चहा घेते. फरक तिला चांगला कळतो. ती दुसरंच काही तरी करते आहे. काय करते आहे, ते आता आमच्या चुकीतून सांगतो.

आमची चूक

आम्हाला एक थोरली बहीण आहे. ताई. आता ऐंशीच्या पुढे आहे. भावजी गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. रोज रात्री आठला ती राधिकेची मालिका लावायची. आम्ही तिथेच वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि अधूनमधून सुस्कारे टाकायचो. बायको नवऱ्याचं सगळं सहन करते, मग मसाले विकता विकता मोठी कंपनी उभी करते, आणि नवरा तो नवराच! आम्ही एक दिवस ताईला म्हटलं, ‘तू हे बघतेस तरी कसं? बुद्धीला काही त्रास होत नाही?’ ताई म्हणाली, ‘तू पेपर वाचून रोज मंत्र्याला शिव्या देतो. मी गुरूला देतो म्हण. तुझा मंत्री सुधरला का?’ त्या दिवशी आम्ही हरलो, पण सुधारलो नाही.

मग एक रात्र अशी आली. प्रसंग काय होता ते आता आठवत नाही. ताई टीव्हीकडे बघत म्हणाली, ‘मी असती ना, तर पहिल्याच दिवशी बॅग भरली असती.’

आम्ही तत्काळ प्राध्यापक झालो. म्हटलं, ‘ताई, तिनं बॅग भरली तर मालिका संपेल. जाहिराती कोण दाखवेल? यात माणसं नाहीत, बाजार आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस.’ अशी पाच-सात मिनिटं आम्ही बोललो. सगळं मुद्देसूद. ताई काही बोलली नाही. तिनं आवाज कमी केला. त्यानंतर काही दिवस ती मालिका बघायची, पण आमच्यासमोर बोलायची नाही.

आठ-दहा दिवसांनी रात्री झोप लागेना तेव्हा आम्हाला एकदम आठवलं. १९७८ सालचा उन्हाळा. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागलो होतो. ताई एक दिवस दुपारी हातात बॅग घेऊन दारात उभी होती. लेक कडेवर. बाबांनी तिला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत नेऊन पोचवलं. बॅग स्टेशनपर्यंत आम्ही उचलून नेली. त्या दिवसाविषयी घरात पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. तिनं नाही, आम्ही नाही.

म्हणजे चाळीस वर्षांत ताई त्या विषयावर एकदाच बोलली. तेही राधिकेच्या नावानं. आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, तिला मालिकांचं अर्थशास्त्र शिकवत बसलो.

श्रोतेहो, तिचं ते वाक्य तिसऱ्या जातीचं होतं. आम्ही त्याला दुसऱ्या जातीचं समजून उत्तर दिलं.

‘माझं नाही, तुझंही नाही’

हे असं का होतं? माणूस आपली गोष्ट सरळ का बोलत नाही, पडद्यावरच्या बाईच्या नावानं का बोलतो?

दहाव्या-अकराव्या शतकात काश्मिरात अभिनवगुप्त होऊन गेले. नाट्यशास्त्रावरची त्यांची टीका आपल्या सौंदर्यविचाराचा कणा आहे. ते ज्या गोष्टीला साधारणीकरण म्हणतात, ती साध्या भाषेत अशी : रंगमंचावरचं दुःख बघताना ते ‘माझं’ दुःख आहे असं वाटत नाही, ‘माझ्या शत्रूचं’ आहे असंही वाटत नाही, आणि ‘मला काय त्याचं’ असंही वाटत नाही. ते कुणा एकाचं राहत नाही. म्हणूनच आपण त्याच्याजवळ न घाबरता जाऊ शकतो. आपलं दुःख इतकं जवळ असतं की दिसत नाही, शेजाऱ्याचं दुःख इतकं दूर असतं की लागत नाही. नाटकातलं दुःख मधल्या अंतरावर असतं.

अभिनवगुप्तांचं लक्ष प्रेक्षकाच्या अनुभवावर होतं. नाटक संपल्यावर घरी काय बोलतात, हा त्यांचा विषय नव्हता. पण आम्हाला वाटतं, ते मधलं अंतर घरीही थोडा वेळ टिकतं. शेजारणीच्या नवऱ्याविषयी बोललो तर ती चुगली होते. स्वतःच्या नवऱ्याविषयी बोललो तर घरात वादळ. गुरुनाथविषयी कितीही बोला, कोणी दुखावत नाही. त्यामुळे ज्यांना घरात बोलायला जागा नसते, ते या जागेतून बोलतात. सासू-सून एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत, पण दोघी मिळून मालिकेतल्या सासूविषयी बोलू शकतात. तेव्हा खरी वाटाघाट चालू असते, बरं का.

ऐकणाराही ऐकत असतो

आता या गोष्टीची दुसरी बाजू. सहज मत जसं बोलणाऱ्याचं झाकण असतं, तसं ते ऐकणाऱ्यासाठी खिडकी असतं.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. मराठी सिनेमानं शंभर कोटींचा पल्ला पहिल्यांदा ओलांडला तो याच सिनेमानं. अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक चित्रपटगृहात नाचले. आणि त्याच लोकांना शेवटी सिनेमानं निःशब्द करून घरी पाठवलं. लहान मुलाची लाल पावलं, आणि आवाज बंद. भरतमुनींची दैवी सिद्धी आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

पुढे बरेच दिवस एकच चर्चा : शेवट असा हवा होता की नको होता? वरून हा प्रश्न पटकथेचा वाटतो. ‘शेवट गोड करायला पाहिजे होता.’ ‘नाही, तोच तर सिनेमा आहे.’ पण त्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती म्हणाली, ‘सर, आमच्या घरी सगळे एकत्र बघायला गेलो होतो. परत येताना गाडीत काका म्हणाले, शेवट बरोबर केला. दुसरं काय होणार होतं? बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला कळलं, घरात कोणाला सांगायचं नाही ते.’

तिनं आणखी काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. काकांना वाटलं असेल, आपण सिनेमाविषयी बोललो. मागच्या सीटवर बसलेल्या मुलीनं मात्र स्वतःविषयीचा निकाल ऐकला. आणि बाबांचं न बोलणंही ऐकलं.

म्हणून म्हणतो, घरात सिनेमावर मत देताना आपण पडद्याकडे बघून बोलतो, पण ऐकणारे बाजूला बसलेले असतात. मुलगा कोणावर हसलेलं बघतो, मुलगी कोणाला ‘चांगलं झालं’ म्हटलेलं ऐकते. घराची घटना अशी लिहिली जाते. सोफ्यावर, जाहिरातींच्या मध्ये.

आता ‘ज्याचं त्याचं मत’ या वाक्याकडे परत येऊ. काकांच्या मतावर ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणता येईल का? सावजी रस्सा आणि दोन जिवांचा खून या एकाच रांगेतल्या गोष्टी आहेत का? आम्हाला वाटतं, नाही. तिथे गाडीतल्या कोणी तरी बोलायला हवं होतं. भांडायला नको. ‘बरोबर म्हणजे काय हो, सिनेमा म्हणून बरोबर की खरोखर बरोबर?’ एवढा एक प्रश्न पुरला असता. कदाचित काकाही थबकले असते. माणसं पुष्कळदा अर्धं वाक्य बोलतात आणि ते अर्धंच घरात राहून जातं.

मग करायचं काय?

आम्ही नियम सांगत नाही. तीन सवयी सुचवतो.

पहिली सवय : मताला ‘का’ विचारायचं, पण वकिलासारखं नाही. नागपुरात चित्रित झालेला, विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी आला. जवळजवळ तीन तासांचा. आपल्याकडे अर्धे लोक त्यात आपल्या गल्ल्या शोधत होते. पुष्कळ जण म्हणाले, ‘लांबला.’ ठीक आहे, पण कुठे लांबला? एकाचं म्हणणं, ती आदिवासी मुलगी आणि तिचा बाप कागदपत्रांसाठी फिरतात, ते कशाला? दुसरा, जो स्वतः दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आला होता, तो म्हणाला, ‘सर, खरा पिक्चर तर तिथेच आहे.’ एका ‘कुठे’मुळे दोघांची आयुष्यं समोर आली. पाच तारे, चार तारे हे आकडे हे काम करत नाहीत. आकड्याला ‘कुठे’ विचारता येत नाही.

दुसरी सवय : आपण चाहते म्हणून बोलतो आहोत की प्रेक्षक म्हणून, हे स्वतःला विचारायचं. चाहता असणं वाईट नाही. आम्ही स्वतः अमिताभ बच्चनच्या पडेल सिनेमांचीही बाजू घेतली आहे. पण ती निष्ठा होती, निर्णय नव्हता. निर्णय सिनेमा बघितल्यावर होतो, निष्ठेचा तिकीट काढण्याआधीच झालेला असतो. ह्यूमनं चांगल्या रसिकाच्या अटींत पूर्वग्रहापासून सुटका ही अट घातली आहे, ती याचसाठी.

तिसरी सवय सगळ्यात अवघड, निदान आमच्यासारख्यांना. मत चुकीचं आहे असं वाटलं तरी लगेच दुरुस्त करायचं नाही. आधी बघायचं, हे वाक्य कुठून आलं. रश्श्याच्या जागेतून, पिंपातल्या किल्लीतून, की १९७८ सालच्या उन्हाळ्यातून.

व्याख्यान संपवतो. मागून एक चिठ्ठी आली आहे : ‘सगळ्यांचीच मतं मोलाची, तर समीक्षक कशाला हवेत?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर असं, की काकूंना किल्लीची चव कळते, पण ती किल्ली पिंपात का पडली, आणि दुसऱ्या पिंपांत पडते का, हे शोधायला दहा पिंपं चाखलेला माणूस लागतो. समीक्षकानं काकूंचं तोंड बंद करायचं नाही, त्यांचं वाक्य पूर्ण करायचं.

आणखी एकानं विचारलं आहे, ताईंचं पुढे काय झालं. काही विशेष झालं नाही. आम्ही तिच्याजवळ त्या उन्हाळ्याचा विषय काढला नाही. चाळीस वर्षांनी क्षमा मागणं हे पुन्हा स्वतःच बोलणं झालं असतं. आम्ही एवढंच केलं, की आठ वाजता वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसू लागलो. पहिले काही दिवस ती संशयानं बघायची. मग एकदा आम्ही विचारलं, ‘काल मी झोपलो होतो, काय झालं गं?’ ती सांगू लागली. तेव्हापासून रोज सांगते. ती मालिका संपली, आता दुसरी आहे. त्यातलं अर्धं आम्हाला अजून पटत नाही. पण आमच्या लक्षात आलं आहे, की ती जेव्हा ‘या पोरीनं असं करायला पाहिजे’ म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा ती बरोबर असते.

साडेसात वाजून गेले आहेत. आठला पुष्कळांना घरी पोचायचं असेल, आम्हालाही पोचायचं आहे.